गोळी लपवली की गोळी चुकते

मधुमेहाची गोळी माणूस पाहुण्यांच्या देखत घेतो. रक्तदाबाची गोळी तर शेजाऱ्याला दाखवून, "तुमची किती पावरची हाये?" असेही विचारतो. फिटची गोळी मात्र पिठाच्या डब्यामागे, उशीच्या खोळीत, नाहीतर लुगड्याच्या घडीत सापडते. घरात फिटचा रुग्ण आहे हे शेजारच्या घराला माहीत नसते. पुष्कळदा तर सुनेचा आजार सासूलाही माहीत नसतो. बंधू-भगिनींनो, या आजाराविषयी मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. याचे औषध नेमाने घेतले तरच काम करते, आणि जी गोळी लपवून घ्यावी लागते ती नेमाने घेतली जात नाही. आज ना उद्या ती चुकते.

मी नांदगाव खंडेश्वरला राहतो. शिक्षण बी.कॉम., नोकरी कारकुनाची. उरलेला वेळ विहाराच्या व समाजाच्या कामात जातो. डॉक्टरकीचा मला काही अधिकार नाही. परंतु माझ्या मुलीला चौदाव्या वर्षी पहिली फिट आली आणि आज ती बावीस वर्षांची आहे. या आठ वर्षांत डॉक्टरांना प्रश्न विचारून, त्यांनी सांगितलेले वहीत उतरवून, वस्तीतल्या इतर रुग्णांसोबत अमरावतीला इर्विन दवाखान्याच्या खेपा करून जे समजले, ते येथे मांडतो. हा मजकूर मुलीने आधी वाचला आहे. "माझं नाव नका टाकू, बाकी सगळं टाका," असे ती म्हणाली. त्याप्रमाणे केले आहे.

फिट म्हणजे काय?

या आजाराला आपल्याकडे फिट, मिरगी, फेफरे, आकडी अशी नावे आहेत. वैद्यकातले नाव अपस्मार. आपल्या मेंदूतल्या असंख्य पेशी अतिशय सूक्ष्म विजेच्या आधारे एकमेकींना निरोप देत असतात. जर्मनीतील हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतली ही वीज पहिल्यांदा नोंदवली. डोक्याला तारा लावून आज जो ई.ई.जी. काढतात, तो त्याच शोधातून आलेला आहे. पुष्कळ पेशी एकाच वेळी, ताळतंत्र सोडून वीज सोडू लागल्या की फिट येते. दर वेळी माणूस पडतो, तोंडाला फेस येतो असे नाही. कोणी काही क्षण टक लावून बघत राहतो, कोणाचा एकच हात उडतो, कोणी उगाच ओठ चावत राहतो. शाळेत एखादे लेकरू मधेच गप्प होते आणि गुरुजी त्याला "ध्यान कुठी हाये?" म्हणून रागावतात. तेही फिटचेच एक रूप असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य निदान होऊन औषध मिळाले तर १०० पैकी ७० जणांच्या फिट थांबू शकतात, असेही ही संघटना सांगते. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, कारण रुग्णाच्या घरी गेल्यावर पहिला प्रश्न असतो तो, "हे कधी बरं होते का भाऊ?"

कारणे अनेक आहेत. जन्माच्या वेळी बाळ गुदमरणे, डोक्याला मार, मेंदूत चढलेला ताप, पक्षाघात, मेंदूतली गाठ. कित्येकदा कारण सापडतही नाही. आपल्या देशात एक कारण बरेच आढळते आणि ते टाळता येण्यासारखे आहे. ते म्हणजे पट्टकृमी नावाचा जंत. हा डुकराच्या कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातो, म्हणून ते मांस न खाणारा माणूस निश्चिंत असतो. पण ज्याच्या पोटात हा जंत आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, आणि पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून, कच्च्या भाजीतून ती दुसऱ्याच्या पोटात जातात. तेथून रक्तावाटे मेंदूत पोहोचून गाठ करतात. म्हणून सांभार, मुळा, काकडी चांगली धुऊन खावी आणि शौचानंतर हात साबणाने धुवावेत. मात्र मेंदूत अशी गाठ निघाली तर जंताची गोळी आपल्या मनाने आणून घेऊ नये. तिने मेंदूला सूज येऊन फिट वाढू शकते. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

आणखी एक. फिट शिवल्याने, उष्टे खाल्ल्याने, फेस लागल्याने कोणाला होत नाही. शिवाशिवीचे दुःख ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्या समाजात एखाद्या लेकराचा पेला वेगळा ठेवला जावा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

चप्पल, कांदा आणि कायदा

मुलीला दुसरी फिट आली तेव्हा माझी माय म्हणाली, "पोरीले बाहेरचं लागलं हाये. गोयीनं काय होते?" मायचे वय ऐंशीच्या घरात. तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. मी ई.ई.जी.चा लांबलचक कागद तिच्यापुढे खाटेवर पसरला आणि या रेघा कशाच्या ते सांगितले. ती बराच वेळ त्या वाकड्यातिकड्या रेघांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "इतकं चालू हाये पोरीच्या डोक्शात?" त्या दिवसापासून रात्रीच्या गोळीची आठवण मायच करून देऊ लागली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या देव-दैवाच्या भीतीतून माणूस सोडवण्यासाठी. आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी नवस, बळी आणि अंगात येण्यावर गावोगाव कोरडे ओढले. तरीही फिटच्या रुग्णाला बाबाकडे, दर्ग्यात, अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे नेणारी माणसे आपल्या वस्तीत आजही आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने वा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे हे सारे या कायद्याने गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतची आहे. फिटच्या रुग्णाबाबत हेच प्रकार सर्वांत जास्त होत आले आहेत, हे ध्यानात घ्यावे.

"शंभर टक्के बरे करतो" म्हणणाऱ्यांच्या पुड्यांपासूनही सावध राहावे. जडीबुटी म्हणून विकलेल्या अशा पुड्यांत दवाखान्यातलेच फेनोबार्बिटोन मिसळलेले सापडल्याची प्रकरणे देशात घडली आहेत. पुडीत औषध किती ते कोणालाच ठाऊक नसते, आणि पुडी बंद पडली की जीवावर बेतते.

फिट आली तर

पहिले काम घड्याळ पाहणे. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, पण पाहणाऱ्याला ती मिनिटे तासासारखी वाटतात. रुग्णाजवळची खुर्ची, विळा, चूल, गरम भांडे दूर करावे. डोक्याखाली दुपट्टा किंवा घडी केलेला सदरा ठेवावा. गळ्याजवळचे बटण सैल करावे, चष्मा काढावा. झटके कमी होताच त्याला एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ व ओकारी बाहेर पडते, श्वासनळीत जात नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसावे आणि गर्दी हटवावी. बाईमाणूस असेल तर अंगावर चादर टाकावी. शुद्धीवर आल्यावर भोवती वीस जण उभे दिसले की त्या जीवाला मेल्याहून मेल्यासारखे होते.

काय करू नये तेही सांगतो. दातखिळी उघडायला चमचा, बोट, लाकूड घालू नये. त्याने दात तुटतात, बोटे तुटतात. जीभ कोणी गिळत नाही. चप्पल हुंगवू नये, कांदा फोडून नाकाला लावू नये, मुठीत किल्ली देऊ नये. फिट तिच्या वेळेवर थांबते आणि श्रेय चपलेला मिळते. हातपाय दाबून धरू नयेत. पूर्ण शुद्ध आल्याशिवाय पाणी पाजू नये.

फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा शुद्ध न येताच दुसरी सुरू झाली, तर १०८ ला फोन करून जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. आयुष्यातली पहिलीच फिट असेल, बाई गरोदर असेल, पाण्यात फिट आली असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तरी थांबू नये. ज्यांना अशा लांबलेल्या फिट येतात त्यांना डॉक्टर नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा लिहून देतात. तो कधी व किती मारायचा हे घरातल्या दोघा-तिघांना शिकवून ठेवावे.

औषधाचा हिशेब

१९१२ साली जर्मनीतील आल्फ्रेड हाउप्टमान यांना फेनोबार्बिटोनने फिट कमी होतात असे आढळले. आपल्याकडे ही गोळी गार्डिनल म्हणून ओळखीची आहे. १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइनचा गुण दाखवून दिला. तीच आपली एप्टॉइन. पुढे कार्बामाझेपिन, सोडियम व्हॅलप्रोएट आणि अलीकडे लेव्हेटिरासिटम, लॅमोट्रिजिन, क्लोबाझाम अशी औषधे आली. यांतली बरीच देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार निःशुल्क केलेले आहेत. तेथे औषध नसेल तर जनऔषधी केंद्रात विचारावे. पैशाअभावी गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, "मला एवढेच परवडते." ते स्वस्तातले औषध लिहून देऊ शकतात.

ही गोळी तापाच्या गोळीसारखी नव्हे, की ताप आला तेव्हा घेतली आणि उतरला की सोडली. ती रक्तात औषधाची एक पातळी धरून ठेवते आणि त्या पातळीमुळे मेंदूतली वीज आवरलेली राहते. आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगायचे तर रोजकीर्दीत एक दिवसाची नोंद राहिली की महिनाअखेरीस ताळा जमत नाही. गोळीचे तसेच आहे. चुकलेली गोळी आठवताच घ्यावी. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर एकच घ्यावी, दोन्ही एकदम घेऊ नयेत.

आमच्या वस्तीतला एक तरुण गवंडी. चौदा महिने फिट आली नाही म्हणून त्याने गोळी सोडली. घरच्यांनाही बोलला नाही. सहाव्या दिवशी कामावरच एकामागून एक फिट सुरू झाल्या. ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शन देऊन त्याला अमरावतीला हलवावे लागले आणि तीन दिवस तो बेशुद्ध होता. वाचला, पण आता परांचीवर चढत नाही. खाली राहून माल कालवतो आणि मजुरी कमी घेतो. डॉक्टर त्याच्या बायकोला म्हणाले, "फिट गोळीमुळे थांबल्या होत्या." गोळी बंद करता येत नाही असे नाही. साधारणपणे दोन ते पाच वर्षे एकही फिट आली नाही तर डॉक्टर तपासून, कित्येक महिने घेऊन हळूहळू ती कमी करतात. काहींना जन्मभर घ्यावी लागते. हा निर्णय डॉक्टरांचा. एकदम बंद केली तर थांबत नाही अशी फिट सुरू होऊ शकते, आणि तीत माणूस दगावतो.

वहीतल्या आणखी काही गोष्टी येथे देतो. दुकानदाराने "हीच गोळी, दुसऱ्या कंपनीची" म्हणून दिली तर औषधाचे नाव व किती मिलिग्रॅम ते जुन्या स्ट्रिपशी ताडून पाहावे. फिटच्या औषधात कंपनी वारंवार बदलू नये. बदलावी लागली तर डॉक्टरांना कळवावे. हळूहळू विरघळणारी गोळी फोडू वा कुटू नये. स्ट्रिप संपायच्या आत आठ दिवस नवी आणावी. नवीन औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ही क्वचित पण जीवघेणी प्रतिक्रिया असू शकते. फेनिटॉइनने चालताना तोल जाऊ लागला, एकाचे दोन दिसू लागले तर मात्रा जास्त झालेली असू शकते. याच औषधाने हिरड्या फुगतात, म्हणून दात नीट घासावेत. व्हॅलप्रोएट चालू असताना सारख्या ओकाऱ्या, सुस्ती किंवा कावीळ दिसली तर थांबू नये. लेव्हेटिरासिटमने काहींचा स्वभाव चिडखोर होतो, मन खचते. तेव्हा "पोरगी उलट बोलते" म्हणून तिला न रागावता डॉक्टरांना सांगावे.

दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी गेले तरी फिटचा कागद सोबत न्यावा. क्षयाच्या औषधांतील रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड यांनी फिटच्या काही औषधांची रक्तातली पातळी खाली-वर होते. काही प्रतिजैविकांनी आणि दुखण्याच्या ट्रॅमाडॉलसारख्या गोळीने फिट येऊ शकते. दारूने फिट येते, आणि रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तरी येते. पंचशीलातले पाचवे शील फिटच्या रुग्णाला दुहेरी कामाचे आहे. विहिरीवर, नदीवर, शेततळ्यावर एकट्याने जाऊ नये. न्हाणीची आतली कडी लावू नये. वाहन चालवण्याबाबत तर परवान्याच्या अर्जातल्या प्रकृतीच्या जाहीरनाम्यातच फिटविषयी प्रश्न आहे. तेथे खोटे लिहिणे म्हणजे आपल्यासोबत रस्त्यावरच्या दुसऱ्याचाही जीव धोक्यात घालणे.

जयंतीची रात्र

दोन वर्षांपूर्वी १४ एप्रिलला आमच्याकडे तीन दिवस पाहुणे होते. रात्री मिरवणूक, मग भीमगीतांचा कार्यक्रम. दोन्ही रात्री झोपायला दोन-तीन वाजले. मुलगी आत्या-मावश्यांच्या घोळक्यात झोपत होती आणि गोळ्यांचा डबा आतल्या खोलीत. तिसऱ्या दिवशी पोळ्या करता करता तिला फिट आली आणि हात तव्यावर पडला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजले. दोन वर्षे तिला एकही फिट आली नव्हती. डॉक्टरांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "दोन रात्री गोळी घेतली नाही. पाहुण्यांसमोर डबा कसा काढू?"

जागरण आणि चुकलेली गोळी या दोन गोष्टी एकत्र आल्या की फिटला आमंत्रणच असते. जयंती आपला सर्वांत मोठा सण आहे. तो मनापासून साजरा व्हावा. परंतु मुलगी त्या दिवशी भाजली ती लोकांच्या नजरेच्या भीतीने. तेव्हापासून आमच्या घरात तिच्या गोळ्यांचा डबा कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. गोळी घेतली की ती त्या तारखेवर टिंब देते. पाहुणे विचारतात, "हे काय हाये?" माय सांगते, "नातीची औषध हाये." विषय संपतो.

मुलींच्या बाबतीत

व्हॅलप्रोएट हे उत्तम काम करणारे औषध आहे, पण गर्भावर त्याचा दुष्परिणाम होतो. गरोदरपणात ते घेतलेल्या १०० बायकांपैकी सुमारे १० जणींच्या बाळात जन्मतः व्यंग आढळते, आणि ३० ते ४० मुलांची बोलण्या-शिकण्याची वाढ मागे राहते. मूल होण्याच्या वयातील मुली व स्त्रियांना ते सुरू करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. माझ्या मुलीला सुरुवातीस हेच औषध होते. ती अठरा वर्षांची झाल्यावर डॉक्टरांनी काही महिने घेऊन ते हळूहळू बदलले आणि लेव्हेटिरासिटम दिले. पण हे वाचून कोणीही आजची गोळी आज बंद करू नये. दिवस गेलेले असोत वा नसोत, एकाएकी औषध सोडल्याने आई व बाळ दोघांनाही धोका होतो. मूल हवे असे वाटू लागले की, दिवस जाण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटावे. ते औषध बदलून देतात, फॉलिक ॲसिड सुरू करतात. फिट असलेल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मुले होतात, आणि बहुतेकींना अंगावरही पाजता येते.

फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांमुळे पाळणा लांबवण्याच्या माला-डीसारख्या गोळीचा परिणाम कमी होतो. आशाताई ती गोळी देतात तेव्हा आपले दुसरे औषध त्यांना दाखवावे. तेथेही लपवले तर नको असताना दिवस जातात.

लग्नाचा प्रश्न

हा प्रश्न आज माझ्या घरात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्यात वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांसोबत अपस्माराचेही नाव होते. म्हणजे फिट येणारा माणूस कायद्याने लग्नाला अपात्र होता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही तसेच होते. डिसेंबर १९९९ मध्ये दुरुस्ती होऊन दोन्ही कायद्यांतून हा शब्द काढून टाकण्यात आला. आज फिटचा आजार लग्नाला आडवा येत नाही. समाजाच्या मनातून मात्र तो शब्द अजून निघालेला नाही.

मुलीसाठी स्थळ आले तेव्हा माझी मोठी बहीण म्हणाली, "भाऊ, पोराकडच्याइले सांगू नोको. एकदा लगन होऊ दे, मंग पाहू." ती मुलीच्या भल्यासाठीच बोलत होती. तिने अशी मोडलेली लग्ने पाहिली आहेत. मी उत्तर देण्याआधी आतून मुलगी बोलली, "आत्या, सांगतलं नाही तं मी गोयी खाऊ कुठी? न्हाणीत?"

त्यावर बहिणीला काही बोलता आले नाही, आणि मलाही वेगळे काही सांगण्याची गरज उरली नाही. सासरी गेलेल्या नव्या सुनेला पहिल्या महिन्यात एकटीची जागा नसते. पाहुणे, जागरण, उपाशीपोटी कामे. त्यात गोळी लपवायची. आठ दिवसांत ती चुकणार, फिट येणार, आणि मग लोक आजाराविषयी न बोलता "फसवलं" असे म्हणणार. कायदा बदलला असला तरी लपवून केलेल्या लग्नात फसवणुकीचा वाद कोर्टात नेता येतो, हेही विसरू नये.

आम्ही सांगितले. डॉक्टरांचा कागदही पुढे ठेवला. पहिल्या स्थळाने चहा घेतला, "कळवतो" म्हणाले, आणि अद्याप काही कळवलेले नाही. मुलगी दोन दिवस गप्प होती. दुसरे स्थळ आले तेव्हा मुलाच्या आईने एवढेच विचारले, "गोयी किती वाजता अस्ते हिची?" तिच्या माहेरी कोणाला तरी हा आजार होता, असे मागून कळले. बोलणी अजून चालू आहेत, ठरलेले काही नाही. मुलगी एम.ए. करते आहे आणि लग्नाची तिला घाई नाही. पण आता कोणाच्याही दारात गेली तरी डबा हातात घेऊन जाईल.

या वाटेवर आपण एकटे नाही. स्वतः हा आजार सोसलेल्या यशोदा वाकणकर यांनी पुण्यात 'संवेदना' हा रुग्ण व नातेवाइकांचा आधारगट उभा केला आणि फिट असलेल्या तरुण-तरुणींची लग्ने जुळवण्याचे कामही हाती घेतले. मुंबईच्या डॉ. निर्मल सूर्य यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राज्याच्या आरोग्य खात्यासोबत जिल्ह्याजिल्ह्यांत मोफत तपासणी शिबिरे घेतली. असे शिबिर आपल्या भागात होणार असेल तेव्हा समाजाच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन रुग्ण बाहेर काढले पाहिजेत.

विहारात काय करता येईल

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासोबत स्वतः त्याला धुऊन स्वच्छ केले, उचलून खाटेवर ठेवले, आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करण्यास सांगितले. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग घेतला आहे. महावग्गात त्यापुढे चांगल्या रुग्णाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत दोन अशी की, तो औषध घेतो, आणि आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की तसाच आहे, हे शुश्रूषा करणाऱ्याला खरे खरे सांगतो. शुश्रूषा करणाऱ्याचेही लक्षण दिले आहे, की त्याला रुग्णाच्या लाळेची, ओकारीची, मळाची किळस येत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश फिटच्या रुग्णाला आणि त्याच्या घराला तंतोतंत लागू पडतो. रुग्णाने खरे सांगावे, आणि आपण त्याला खरे सांगता येईल असे वागावे.

म्हणून माझी विहार समित्यांना विनंती आहे. पौर्णिमेच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे राखून फिट आल्यावर काय करायचे ते एकदा सर्वांना करून दाखवावे. एखाद्या पोराला खाली झोपवून कुशीवर वळवून दाखवले की म्हाताऱ्यांनाही समजते. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना किंवा परिचारिकेला बोलवावे. फिटच्या प्रत्येक रुग्णाने एक वही ठेवावी. फिट कोणत्या तारखेला, किती वाजता आली, किती मिनिटे चालली, आधीच्या रात्री झोप झाली होती का, गोळी चुकली होती का, एवढे तीत लिहावे. डॉक्टरांना त्या वहीचा फार उपयोग होतो. खिशात एक चिठ्ठी असावी. तीवर आजाराचे व औषधाचे नाव आणि घरचा फोन लिहिलेला असावा. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाताना जितके दिवस जायचे त्यापेक्षा चार दिवसांच्या गोळ्या जास्त घ्याव्यात आणि त्या पेटीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवाव्यात.

आणि येत्या जयंतीला कार्यक्रम कितीही रंगला, तरी रात्री नऊच्या सुमारास माईकवरून एकदा सांगावे, "ज्यांची रात्रीची गोळी असेल त्यांनी घेऊन घ्यावी." मधुमेहवाला घेईल, रक्तदाबवाला घेईल, आणि त्यांच्यासोबत फिटवालाही घेईल. आमच्या विहारात या वर्षीपासून हे सुरू करण्याचे ठरले आहे. आपणही करून पाहावे, आणि कसे झाले ते या पानावर अवश्य कळवावे.

जयभीम.